युसूफमिस्त्रींना दिलेली फ्रेंच पदवी

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! गेली बावीस वर्षं मी रोज एक नवा शब्द वहीत उतरवतो. एका पानावर अर्थ, पुढच्या पानावर वापर. या शिस्तीनेच माझा घात केला.

भिवंडीतल्या एका लूम कारखान्यात मी हजेरी लिहितो. तिथले माग दुरुस्त करणारे युसूफमिस्त्री, माझे सर्वांत जुने दोस्त, निवृत्त होणार होते. भाषण माझ्याकडे! मी फ्रेंच शब्द निवडला : ग्रोन्यार. फ्रान्सच्या सम्राटाच्या जुन्या, कसलेल्या सैनिकांचं हे लाडकं नाव. सम्राटाच्या तोंडावर कुरकुरायचे, पण हुकूम सुटला की सगळ्यांच्या पुढे. हुबेहूब आमचे मिस्त्री!

सत्कार कधी? लाइट गेल्यावर! एरवी मागांच्या खडखडाटात भाषण ऐकणार कोण? शाल घातली, मी पहिलं पान वाचलं.

"युसूफभाई, तुम्ही ग्रोन्यार आहात! म्हणजे, कुरकुर करणारा म्हातारा!"

पान उलटतोय तोच लाइट आली. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी, कोण थांबतो? कारागीर हसत हसत मागांकडे पळाले. खटाखट, खटाखट! दुसरं पान मी शिरा ताणून वाचलं, ते मलाही ऐकू आलं नाही. मिस्त्री डोळे पुसत निघून गेले.

आठ दिवस त्यांनी फोन उचलला नाही. बायको म्हणाली, "अहो, साधं 'भला माणूस' म्हणता येत नव्हतं?"

नवव्या दिवशी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रींनी मिठीच मारली!

"क्या भाई, एक फोन नाही?"

"वीस वेळा केला!"

"काय?"

"वीस वेळा!"

"अरे, घंटी कुठं ऐकू येते? चाळीस वर्षं लूममध्ये काढली, कान गेले. तुझं भाषणपण न्हाय ऐकलं. पण बेगमला सांगितलंय, इतकी तारीफ केली की मला रडू आलं!"

इथे कोणीही शहाणा माणूस चहा पिऊन उठला असता. मी वही उघडली. अर्थ आधी, वापर नंतर! आणि त्यांना ऐकू जावं म्हणून गल्लीभर घुमेल असं ओरडलो, "कुरकुर करणारा म्हातारा!"

आतून बेगम म्हणाल्या, "सोला आने सच!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "हे तू सगळ्या कारखान्यासमोर बोललास?"

"पुढचं पान तर ऐका—"

दार बंद.

दुसरं पान शेवटी परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याला वाचून दाखवलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"वाह! लेकिन चाचा, ये पन्ना पहले पढ़ना था ना?"