दाराला आतून कडी नव्हती

"आता तुमच्यासमोर येतेय ती मुलगी, जिची आई डोळ्यांदेखत जळाली आणि जी घाबरून घरातून पळून गेली!"

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, हे माईकवर बोलल्या. मंडपाखाली, अख्ख्या शाळेसमोर. ती मुलगी मी. नववीत होते. माझ्या हातात त्यांनीच लिहून दिलेली चिठ्ठी होती. आणि पुढच्या सतरंजीवर माझी बहीण बसली होती, पाचवीतली. तिला मी चार वर्षं सांगत आले होते की आई गेली तेव्हा मी शाळेत होते.

शाळा सरकारी. त्या वर्षी एका ट्रस्टनं आमच्याकडं समुपदेशक ताई नेमल्या. दर बुधवारी यायच्या. मुलांच्या मनातलं ऐकायचं, हे त्यांचं काम. खोली मिळाली खेळाच्या सामानाची. उड्यांच्या दोऱ्या, फुसके चेंडू, दोन खुर्च्या. दाराला आतून कडी नव्हती. शिपाई मामा मधेच येऊन पंप घेऊन जायचे.

तरी मी बोलले. कारण ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथलं इथंच राहील." मला तेव्हा प्रयोगशाळेत कुणी काडी पेटवली तरी घाम फुटायचा. पाच बुधवार नुसती बसले. सहाव्या बुधवारी सांगितलं. गॅसचा भडका उडाला, आईनं माझं नाव घेऊन हाक मारली, आणि मी धावत सुटले. पाण्याच्या टाकीमागं जाऊन लपले. दहा वर्षांची होते. हे मी जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. त्या आठवड्यात मी पोटभर जेवले. हे मुद्दाम लिहितेय. त्या बोलण्यानं मला बरं वाटलं होतं.

मग ट्रस्टच्या मॅडम येणार असं ठरलं. त्याच खोलीला रंग दिला, पाटी लावली, फीत बांधली. आता लाभार्थी पाहिजे होता. हा शब्द आमच्या चांगला ओळखीचा. सायकल मिळाली की लाभार्थी, गणवेश मिळाला की लाभार्थी, फोटोला उभं राहायचं आणि हसायचं. आता रडण्याचाही लाभार्थी हवा होता. मोठ्या बाईंनी ताईंचं मुलांच्या नोंदींचं रजिस्टर मागवलं आणि माझं पान निवडलं. ताईंनी रजिस्टर दिलं. त्यांचं कंत्राट संपत आलं होतं, हे मला नंतर कळलं. माझा राग तरीही गेला नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मी खचले होते. या खोलीनं मला नवं जीवन दिलं. मी ट्रस्टची ऋणी आहे.'

मी बहिणीकडं पाहिलं. ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत होती. मी चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

"ही गोष्ट मी दार लोटून एका माणसाला सांगितली होती. ती तुम्ही कुणाला विचारून वाचली? मी चिठ्ठी वाचणार नाही."

माईक बंद झाला. मागच्या पोरांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी मला दंडाला धरून मंडपाच्या मागं ओढलं.

"उपकाराची जाणीवच नसते तुम्हा लोकांना. कितीही माणसात आणा!"

आमच्या वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

घरी जाताना नाल्याच्या पुलावर बहीण थांबली. मग म्हणाली, "ताई, तू आईला सोडून पळाली व्हतीस?"

"व्हय."

"मंग शाळेत व्हते म्हणून का सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं माझ्याकडून वेणी घालून घेणं सोडलं. वाकडा भांग पाडून, एक वेणी वर एक खाली, तशीच शाळेत जायची. मी तिला सांगणारच होते. ती मोठी झाल्यावर, तिचा हात धरून, माझ्या तोंडानं. तेवढंही त्यांनी माझ्याकडं ठेवलं नाही.

बाप वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर. तो म्हणाला, "जाऊ दे, लई बोलू नको. दाखला त्यांच्या हातात हाय."

आता मी सकाळी कॉलेज करते आणि दुपारनंतर मनोविकारांच्या एका डॉक्टरांकडं काउंटरवर बसते. तिथं कुणाचं नाव पुकारत नाहीत. टोकन असतं. फायली कपाटात, किल्ली डॉक्टरांच्या खिशात. आतलं दार जाड, आतून बंद होणारं. पहिल्या दिवशी ते दार बघून मला संतापानं रडू आलं. म्हणजे असं दार लागतं, हे या मोठ्या लोकांना माहीत होतं. फक्त ते आमच्यासाठी नव्हतं.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. डोळ्यांपर्यंत स्कार्फ. काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "बेटा, नाव मोठ्यानं घेऊ नकोस हं. गावात सगळे ओळखतात आम्हाला."

आवाज मी कुठंही ओळखला असता. त्या कशासाठी आल्या होत्या, सोबत कोण होतं, ते मी लिहिणार नाही. त्यांचं नावही लिहिणार नाही.

हॉल माणसांनी भरलेला होता. एक हाक पुरली असती. माझ्या घशापर्यंत आली होती.

"इथं नाव घेत नाहीत, मोठ्या बाई," मी तितक्याच हळू म्हणाले. "टोकन सात. बसा."

त्यांचा हात काउंटरवर तसाच राहिला. त्यांनी मला ओळखलं.

मी त्यांना माफ केलेलं नाही. ते दार सगळ्यांसाठी आतून बंद होतं, म्हणून त्यांच्यासाठीही बंद राहिलं. एवढंच.

बहीण आता त्याच शाळेत नववीला आहे. खोली तीच, पाटी तीच, ताई नवीन. कडी अजून नाही. परिपाठाला सगळ्यांसमोर विचारतात, ताईंकडं कोण कोण जाणार, हात वर करा. बहिणीला जायचंय. तिनं मला सांगितलं, आणि हात वर केला नाही.

शनिवारी पालकसभा आहे. बाप ड्युटीवर, मी जाणार. अर्ज लिहून झालाय. खोलीच्या दाराला आतून कडी. रजिस्टरला कुलूप, किल्ली फक्त ताईंकडं. पोराला विचारल्याशिवाय त्याचं पान कुणालाही नाही. मोठ्या बाई समोर खुर्चीवर असतील. त्यांचं गुपित माझ्याकडं आहे आणि माझ्याकडंच राहील. मला ते वापरायची गरज नाही.

"ताई, लई तमाशा व्हईल," बहीण म्हणाली.

होऊ दे. पिशवीत मी एक कडी, चार स्क्रू आणि पेचकस ठेवलाय. त्या नाही म्हणाल्या, तर सगळ्यांसमोर मीच बसवणार आहे.