दौंडची बेकरी आणि दोघे भाऊ

मी मूळची शिरूरची. साठच्या दशकात पुण्यात एम. ए. झाले आणि एका प्राध्यापकांच्या हाताखाली कामाला लागले. नवा धंदा कोण काढतो आणि का, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. असा माणूस मुळातच धाडसी, घरच्यांहून निराळा असतो, असं त्यांना वाटे. म्हणून धंदेवाल्याबरोबर त्याच्या नोकरदार भावालाही आम्ही प्रश्न विचारायचो.

दौंडला असे दोघे भाऊ भेटले. दोघंही रेल्वेत फिटर. धाकट्यानं नोकरी सोडून स्टेशनजवळ बेकरी काढली आणि तेव्हापासून थोरल्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. घर एक, चूल एक, पण निरोप जायचे धाकट्याच्या बायकोकडून. वडिलांनी हातापाया पडून मिळवून दिलेली नोकरी यानं लाथाडली, हा थोरल्याचा राग. ओसरीवर बसून त्यांनी मला तो मोकळेपणानं सांगितला.

मग धाकट्याची पाळी आली. थोरले उठून गेले नाहीत. पाठ फिरवून बुटांच्या नाड्या सोडत बसले. मी ठरलेला प्रश्न विचारला. बेकरी चालली नसती तर काय केलं असतं?

"भाईजान हायेत ना," तो लगेच म्हणाला. "त्यांचा पगार येतोय, म्हंजी पोरं उपाशी ऱ्हाणार न्हाईत. त्यांनीबी नोकरी सोडली असती, तर माझी छाती झाली असती का, ताई?"

थोरल्यांचे हात थांबले. पाठमोरेच ते म्हणाले, "हे मला कवा बोलला न्हाईस."

"तुम्ही बोलतच नव्हता."

पुढच्या खेपेला मी गेले, तर ड्यूटीवरून आलेले थोरले निळ्या कपड्यांतच बेकरीत उभे होते. पुड्याची गाठ त्यांना जमत नव्हती. धाकटा ती सोडून पुन्हा बांधत होता. दोघांत बोलणं फारसं नव्हतं, पण मला बरं वाटलं.

प्राध्यापकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मग एकट्या माणसाला विचारून भागायचं नाही. त्याच्यामागं कोण उभं आहे, तेही विचारा."

यवतला एका सायकल दुकानदाराला मी तेच विचारलं. तो हसला आणि त्यानं रस्त्यापलीकडच्या शेताकडं हात केला. तिथं त्याची बायको कांदे काढत होती. मी चप्पल हातात घेतली आणि बांधावरून तिच्याकडं निघाले.