निळ्या कॅनमधला कढीपत्ता

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. हातात कढीपत्ता होता... त्याच निळ्या कॅनमधला, जो "केव्हाच फेकला" असं मी त्याला दवाखान्यात सांगून आले होते. तेव्हा माझा धाकटा भाऊ उशीवर पडल्या पडल्या हसला होता. "ताई, खोटं बोलताना तू अजून नाक खाजवतेस."

दिनू अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या आगीच्या बंबावर नोकरीला होता. तेला-रसायनाची आग नुसत्या पाण्याला दाद देत नाही, तिच्यावर फेस मारावा लागतो. त्या फेसाचं दाट द्रव्य निळ्या कॅनमधून यायचं. आता सांगतात, त्यातली रसायनं मातीत मुरतात, रक्तात साठतात, जाता जात नाहीत. तेव्हा ही मंडळी उघड्या हातांनी ते ओतायची, त्यानंच बंबही धुवायची. आणि मी? माझी अक्कल काय वर्णावी! भाऊ बंबावर असताना गल्लीच्या या महाराणीनं रंगपंचमीला नुसतं पाणी उडवायचं? "दिन्या, सरावातला उरलेला फेस आण, नाहीतर भाऊबीजेला ओवाळणार नाही." त्यानं आणला. कोपरापर्यंत हात घालून पिंपात घुसळला. पोरं गळ्यापर्यंत फेसात, आणि मी पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. वर रिकाम्या कॅनचं तोंड कापून त्यात कढीपत्ता लावला. काही वाया गेलं तर आमचा जीव जातो ना!

त्याच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. ती फेसामुळेच का, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. दिनूनं मात्र एकच धोशा लावला, "ताई, गल्लीतल्या पोरांना सांग. एकदा डॉक्टरला विचारा म्हणावं. आणि ते झाड काढ." मी हो हो म्हटलं. लोक दिनूला नावं ठेवतील, अशी मनाची समजूत घातली. ठेवली असती ती मला...

परवा शेजारची रूपाली आली. त्या फेसात नाचलेली पोर, आता दोन लेकरांची आई. नेहमीसारखी कॅनजवळ वाकली. "मावशी, चार पानं घेते हं."

"नको गं."

ती थबकलीच. या झाडासाठी मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. "काय मावशी, कंजूष झालात का?"

नाक खाजवायला हात वर गेला... तो मी पदरात गुंडाळला.

"बस इथं, रूपाली. दिनूमामाचा निरोप राहिलाय."