चुन्याची रेघ

सिद्राम मला पहिल्यांदा दिसला तो १९७५ साली, काकतीच्या जत्रेत. मी तिथल्या शाळेत शिकवत होतो. मारुतीरावांची घरगाडी शाळेच्या आवाराला लागून उभी होती. जुन्या बसमधली बाकं काढून खाटा आणि स्टोव्ह बसवलेला, मागच्या खणात जनरेटर. त्याच गाडीत राहून मारुतीराव गावोगाव तंबूत सिनेमा दाखवत. सिद्राम मागच्या पत्र्याला तळहात लावून डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, घेरी आली असावी.

"काय झालं न्हाय त्येला, गुरुजी," मारुतीरावांच्या पत्नी जयाबाई खिडकीतून म्हणाल्या. "इंजानाची नाडी बघतोय. पोरगी बघ म्हटलं तर येळ न्हाय."

"इंजान उलटं बोलत न्हाय, आक्का," सिद्राम डोळे न उघडता म्हणाला.

तो निपाणीचा, मारुतीरावांचा जनरेटर सांभाळायचा. मारुतीरावांना तो अण्णा म्हणे. निपाणीत पक्कं थेटर झालं की ऑपरेटर तूच, असा अण्णांचा शब्द होता. ओळख झाली त्याच दिवशी सिद्रामनं मला तो सांगितला.

त्याची एक सवय होती. इंजिनाचा वेग ठरवणारा नट बसवला, की डबीतला चुना बोटावर घेऊन तो नटावरून खालच्या पट्टीपर्यंत सलग रेघ ओढायचा. नट कुणी हलवला तर रेघ तुटणार.

१९७८ च्या जत्रेत व्होल्टेज पडायला लागलं. सिद्रामनं दुपारी सगळा भार काढला. मीटरचा काटा दोनशे तीसवर स्थिर. मग त्यानं एकेक जोडत नेलं. दिवे, पंखा जोडला, काटा जरासा हलला. सिनेमाचं मशीन जोडताच एकशे ऐंशी. इंजिनाचा आवाज मात्र जराही बदलला नाही.

"इंजान चांगलं हाय, अण्णा. जनरेटरात घासणारे कार्बन झिजल्यात. उद्या बेळगावास्नं आणतो."

"आज खेळ हाय रं. जरा वेग वाढीव की."

"वाढवून भागंल, पर रीळ बदलताना मशीन बंद हुईल, भार उतरंल, व्होल्टेज उसळंल आन् हाय ते दिवं फुटतील. आज खेळ नको."

सिद्राम जेवायला गेला.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पडदा लख्ख होता. पहिलं रीळ संपलं, मशीन थांबलं आणि तंबूतले बल्ब एकापाठोपाठ फुटले. आवाजाच्या यंत्रातून धूर निघाला. लोक उठून आरडाओरडा करू लागले.

सिद्रामनं मागचा पत्रा उघडला. मी कंदील धरला होता. रेघ मधोमध तुटलेली, नट अर्धा वेढा पुढे. पत्र्याच्या कुलपाची दुसरी किल्ली फक्त अण्णांकडे असे.

"अण्णा, रेघ तुटलीया."

"पूस ती," मारुतीराव हळू आवाजात म्हणाले. "लोक तापल्यात. माझं नाव निघालं तर थेटराचं बी काय खरं न्हाय. सकाळी मी सांगतो सगळ्यांस्नी."

सिद्रामनं खांद्यावरच्या फडक्यानं रेघ पुसली.

सकाळी देवळापुढे पंच बसले. मारुतीरावांनी सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, की सिद्रामनं नट आवळला, आपण नको म्हणत असताना. सिद्राम तिथंच चहाची कपबशी हातात धरून उभा होता. पंचांनी त्याला विचारलं. तो अण्णांकडे बघत राहिला. अण्णा जोड्याची धूळ झटकत होते. मी उठून दुसऱ्या किल्लीचं बोललो. एक पंच म्हणाला, "गुरुजी, तुमी पोरांची गणितं बघा. मशीन ज्याच्या हातात, चूक त्याची."

परत येताना सिद्राम एवढंच म्हणाला, "रेघ मीच पुसली, गुरुजी. आता कुणाला काय दावू?"

पुढे कुठल्याच जत्रेत त्याला जनरेटरला हात लावू दिला नाही. १९८२ ला निपाणीत थेटर झालं. ऑपरेटर मिरजेहून आला. मारुतीरावांनी सिद्रामला उद्घाटनाचं कार्ड पाठवलं होतं. ते त्यानं मला आणून दाखवलं, "माझं नाव बरोबर लिवलंय," म्हणाला.

सिद्राम आता वडगावात थोरल्या लेकीकडे असतो आणि गल्लीतल्या यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करतो.