इंटरनेटची एकच प्रत

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचं खरं नाव निम्म्या सभासदांना ठाऊक नव्हतं. ओठांवर बोट ठेवून 'शू!' म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून सगळं गाव त्यांना शूबाई म्हणे. वाचकाने पान जरा जोरात उलटलं की कपाटामागून 'शू!' यायची, आणि बिचारा ते पान पुन्हा मागे आणून नव्याने, अलगद उलटायचा. एकदा उन्हाळ्यात खिडकी उघडी होती आणि रस्त्यावर भाजीवाला ओरडत चालला होता. शूबाईंची शू त्याच्या पाठीत अशी बसली, की पुढच्या वळणापर्यंत तो माणूस मुक्यानेच भाजी विकत गेला.

कडक होत्या, पण पक्षपाती नव्हत्या. एका गाजलेल्या कादंबरीची प्रत आली तेव्हा पहिला नंबर गिरणीवाल्याच्या बायकोने लावला होता. डॉक्टरीणबाईंनी 'मला दोनच दिवस हवी आहे हो' म्हणून लाडीगोडी लावून पाहिली. शूबाई म्हणाल्या, "त्यांनाही हवी आहे. आणि त्या तुमच्या आधी आल्या." डॉक्टरीणबाईंनी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. शूबाईंना तो फार आवडला. वाचनालयात जितके अबोले, तितकं बरंच.

अशा या वाचनालयात इंटरनेट आलं. ज्यांच्या घरी ते नाही त्यांना फुकट वापरता यावं म्हणून सरकारने गावोगावच्या वाचनालयांना वेगवान लाइन द्यायचं ठरवलं होतं. एक तंत्रज्ञ शिडी घेऊन आला, भिंतीवर लुकलुकणारा डबा ठोकला, चहा प्यायला. निघताना शूबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला.

"एका वेळी किती जणांनी वापरायचं?"

त्याच्या तोंडात स्क्रू होते. तो म्हणाला, "कितीही. पण जितके जास्त लोक, तितकं वाटलं जाणार."

तो गेला, पण 'वाटलं जाणार' हे शब्द मागे राहिले. शूबाईंना रात्रभर चैन पडेना. वाटलं जाणार म्हणजे काय? दोन वाचक आले म्हणून आपण कधी पुस्तक मधून फाडून अर्धं अर्धं दिलं आहे? एकाला पहिली शंभर पानं आणि दुसऱ्याला शेवट? गरिबाला अर्धवट इंटरनेट आणि ज्याच्या घरी आहे त्याला आख्खं, हा कुठला न्याय?

सकाळी त्यांनी डब्याच्या कपाळावर, पुस्तकाला लावतात तशी, दाखल क्रमांकाची चिठ्ठी डकवली. इंटरनेट, प्रत एक. ते एका वेळी एकाच सभासदाला, अर्ध्या तासासाठी, पण संपूर्ण मिळेल. पासवर्ड कागदाच्या कपट्यावर लिहून द्यायचा आणि सभासदाने 'परत' केला, की कपटा फाडून नवा पासवर्ड ठेवायचा. नवे पासवर्ड सुचत नसत, म्हणून शूबाई समोरच्या कपाटाकडे बघून ठेवत. तिथे उपयुक्त विषयांची पुस्तकं होती. त्यामुळे शिंपीमामांना एकदा 'मूळव्याध' असं टाइप करावं लागलं, आणि तेही शूबाई शेजारी उभ्या राहून अक्षर अन् अक्षर तपासत असताना. त्या दिवसापासून शिंपीमामा इंटरनेटशिवायच कपडे शिवू लागले.

हळूहळू रोजचं गिऱ्हाईक एकच उरलं, ते म्हणजे पेन्शनरकाका. त्यांचा मुलगा दूरदेशी होता. तो राहायचा त्या शहरातल्या एका चौकात कॅमेरा होता आणि त्याचं चित्र दिवसभर इंटरनेटवर दिसायचं. मुलगा कामावर त्याच चौकातून जातो, असं त्याने एकदा फोनवर म्हटलं होतं. तेव्हापासून काका रोज खिडकीपाशी बसून आपल्या लॅपटॉपवर तो चौक बघायचे. अजून काही दिसला नव्हता. "गर्दी फार असते," काका म्हणायचे. "आणि तिकडे सगळेच कोट घालतात."

वाचनालयाच्या भिंतीला भिंत लावून शाळा होती आणि तिथल्या मुख्याध्यापिका होत्या शूबाईंच्या थोरल्या नणंदबाई. त्यांना गाव हेडबाई म्हणे. शूबाईंचा दरारा न बोलण्याचा, तर हेडबाईंचा बोलण्याचा. त्यांनी शाळेत हजेरी घेतली की पलीकडच्या गल्लीतली माणसंही 'हजर' म्हणत. या दोघींच्या मधे शूबाईंचा नवरा, गावचा घड्याळजी, लंबकासारखा जन्मभर हेलकावे खात होता.

हेडबाई वाचनालयाच्या सभासद मात्र नव्हत्या. सभासद व्हायला जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही लागे. "शाळा चालवते मी! मला जामीन?" असं म्हणून त्या जी निघून गेल्या, त्या गेल्याच. पण वाचनाची तर भूक. मग त्यांची पुस्तकं भाऊराया स्वतःच्या नावावर नेऊ लागला. 'मुलींसाठी सोपे भरतकाम' हे पुस्तक घड्याळजीला कशाला हवं, हे शूबाईंनी कधी विचारलं नाही. मुकाट्याने शिक्का मारला.

तर एका सोमवारी हेडबाई वाचनालयात आल्या.

"वहिनी, शुक्रवारी तपासणीला साहेब येणार. लाइनचा वापर नसला तर उचलून दुसऱ्या गावाला देणार आहेत. कळलंय ना?"

"हळू बोला, वन्सं. येऊ देत. एक तक्रार नाही माझ्याकडे."

"तक्रार करायला माणूस नको का कुणी? अगं, माझ्या नववीला विज्ञानाचे सर नाहीत. टॅबलेट आलेत, त्यावर सगळे धडे आहेत, पण शाळेला लाइन नाही. ती 'येणार आहे' म्हणतात. नववीतली मुलं ते पाचवीपासून ऐकताहेत. माझा वर्ग इथे बसव. मुलांचा प्रकाशाचा धडा होईल, तुझाही वापर दिसेल."

"बसू देत की. एकेक."

"एकेक? शेवटच्या पोराची पाळी येईपर्यंत त्याची पोरं नववीत येतील!"

"मग त्यांचेही नंबर आत्ताच लावून ठेवते."

हेडबाई पाय आपटत गेल्या. 'शू' तेवढी त्यांना दारात गाठून आली.

शुक्रवारी साहेब आले. वयाने लहान, अंगाने बारीक आणि घाईत. वाचनालयात पेन्शनरकाका सोडून चिटपाखरू नव्हतं. साहेबांनी डब्याला आपलं यंत्र जोडलं, आकडे बघितले आणि यंत्र बिघडलं समजून त्यावर दोन चापट्या मारल्या.

"बाई, एवढं तर आमच्या ऑफिसचा शिपाई जेवणाच्या सुट्टीत वापरतो. ही लाइन सोमवारी काढावी लागेल."

शूबाई डब्याच्या आड येऊन उभ्या राहिल्या. पुस्तक हरवलं तर भरून घेता येतं. हे कुणाकडून भरून घेणार? आणि काका सोमवारपासून खिडकीतून काय बघणार, रस्त्यावरचा भाजीवाला?

"पण साहेब, सगळ्यांना सारखं मिळतंय! आख्खं मिळतंय! मी कुणाला म्हणजे कुणाला अर्धं दिलेलं नाही."

"अर्धं?" साहेब म्हणाले.

शूबाईंनी त्यांना दाखल क्रमांक, कपटे, अर्धा तास असं सगळं अभिमानाने समजावून सांगितलं. साहेब हळूहळू खुर्चीत बसले. ते काही बोलणार, तेवढ्यात हेडबाई आत आल्या. त्या शाळेच्या खिडकीला कान लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्या कानांना भिंतीची अडचण होत नसे.

"वहिनी, वर बघ. काय आहे?"

"पंखा."

"तो कधी कुणाच्या नावावर दिलास? त्याखाली आठ जण बसले, तर प्रत्येकाला वाऱ्याचा आठवा हिस्सा मिळतो का?"

"पंखा वेगळा."

"अहो, त्याचं असं असतं..." साहेबांनी तोंड उघडलं.

"शू!" दोघी एकदम म्हणाल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात हे पहिलं एकमत.

शूबाईंनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "करून बघू. पण आधीचा नंबर काकांचा आहे. पोरं एकेक करून जोडायची. काकांच्या वाट्याला जरा कात्री लागली की बंद. आणि सभासदाशिवाय इंटरनेट देता येत नाही. सभासद कोण?"

हेडबाईंनी साहेबांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. पलीकडे नववी बाकं वाजवत होती.  त्या म्हणाल्या, "मी होते. आण तुझा अर्ज."

त्यांनी अर्ज भरला. जामिनाच्या रकान्यापाशी पेन थबकलं. शूबाईंनी कागद आपल्याकडे ओढला आणि काही न विचारता तिथे स्वतःची सही ठोकली.

"आता तरी पुस्तकं स्वतःच्या नावावर न्या, वन्सं. यांच्या नावावर भरतकाम आहे, लोक मला विचारतात."

हेडबाई जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात 'बरं' म्हणाल्या. घड्याळजी तिथे असता तर त्याने ती वेळ लिहून ठेवली असती.

नववी आली. त्या वेळचा पासवर्ड होता 'शेळीपालन'. पहिल्याने तो दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्याने खिदळत तिसऱ्याला. एकेक टॅबलेट उजळू लागला. शूबाई मात्र काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहून चौकावर डोळा ठेवून होत्या.

"काका, कमी होतंय का?"

"नाही."

आणखी चार पोरं जोडली.

"आता?"

"काही नाही हो. छान दिसतंय."

अर्धा वर्ग जोडून झाला आणि शूबाई किंचाळल्या, "थांबा! अडकलं! काकांचं चित्र अडकलं!"

खरंच, चौकातली झाडून सगळी माणसं जागच्या जागी उभी होती. गाड्या उभ्या, सायकली उभ्या. साहेबांचा चेहरा पडला. हेडबाईंनी कपाळाला हात लावला. "सांगितलं होतं मी," शूबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद काही नव्हता.

"अहो, अडकलं नाही," काका शांतपणे म्हणाले. "तिकडे चारी बाजूंना एकदम लाल दिवा लागलाय."

दिवा हिरवा झाला. कोटवाली माणसं चालू लागली. शूबाईंचा जीव भांड्यात पडला. उरलेली पोरं त्यांनी भराभर जोडून घेतली, शेवटच्या दोघांना तर स्वतः 'शेळी'तला श सांगितला.

सगळ्या टॅबलेटमधून प्रकाशाचा धडा एकदम, पण पुढेमागे सुरू झाला. एकीकडे किरण आरशावर पडत होता, तेव्हा दुसरीकडे तो परतही फिरला होता. एवढा गोंगाट त्या खोलीने कधी ऐकला नव्हता. शूबाईंचं बोट सवयीने ओठांकडे निघालं.

"तो बघा!" काका खुर्चीतून उठून ओरडले. "तो! छत्रीवाला! चाल बघा, आमच्या घराण्यात सगळे असेच फेंगडे चालतात!"

बोट अर्ध्या वाटेवर थांबलं आणि पडद्याकडे वळलं. "कुठला? हा? कोट कुठे घातलाय त्याने?"

"नाहीच घातलेला! लहानपणापासून ऐकत नाही!"

साहेबांच्या यंत्रातला आकडा उड्या मारत होता. "लाइन राहील," ते म्हणाले. "आत्ताच कळवून टाकतो. पाच वाजेपर्यंत पोचलं नाही तर वरचे लोक दुसऱ्या गावाला देऊन मोकळे होतील." त्यांनी फोन वर केला, खिडकीबाहेर काढला, खुर्चीवर चढून बघितलं. रेंज नव्हती. "बाई, तुमचंच इंटरनेट वापरतो."

"सभासद आहात?"

"अहो, तुमच्याच लाइनसाठी..."

"डॉक्टरीणबाईंसाठीही मी नियम वाकवला नव्हता."

साहेबांनी हेडबाईंकडे केविलवाणं पाहिलं. "मी राहते की जामीन!" हेडबाई म्हणाल्या.

"नव्या सभासदाला वर्षभर जामीन राहता येत नाही, वन्सं. आणि ग्रंथपालाला फक्त नातेवाइकांसाठी चालतं. जुने सभासद इथे एकच आहेत."

साहेब अर्ज भरून काकांपाशी गेले. काका चौकातून नजर काढायला तयार नव्हते. मुलगा आत्ताच कोपऱ्यावर वळला होता. काही विसरला असेल तर परत येईल. विसरायचाही तो लहानपणापासून. साहेब अर्ज हातात धरून उभे राहिले. त्यांच्या मागे शूबाई, मागे हेडबाई, आणि धडा थांबवून आख्खी नववी त्या चौकातल्या दिव्याकडे डोळे लावून बसली.

दिवा लाल झाला. चौकातली माणसं थांबली.

"द्या इकडे," काका म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.