आधी आजीनं ‘आ’ करायचं

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दात घासत होते. हसू नका... खरंच. तोंडातला फेस थुंकायचंही सुचलं नाही. रडू नंतर आलं, आधी आला तो राग. पन्नाशीही न गाठता हिचं हृदय बंद पडतं म्हणजे काय! महिना उलटला तरी तो राग तसाच आहे, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

नलू माझी शाळेपासूनची मैत्रीण, उचगावच्या बौद्धवाड्यातली. नव्वदच्या दशकात तिनं कोल्हापुरात फक्त लहान मुलांच्या दातांचा दवाखाना काढला, तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. दुधाचे दात पडायचेच, त्यांना कशाला डॉक्टर? आमच्या घरीही तेच. माझी लेक चार वर्षांची, गाल टम्म सुजलेला, घास गिळेना. आणि माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, तिच्या दाढेला मिश्री चोळत होत्या. भाजलेली तंबाखू, एवढ्याशा पोरीला! मी डबी हिसकावली, लेकीला उचललं आणि रिक्षा थांबवली. आत्तीही मागोमाग चढल्या, भांडायलाच.

नलूचा नियम असा, की पोराला घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसानं आधी खुर्चीत बसायचं आणि छोटा आरसा पोराच्या हातात द्यायचा. आत्तींनी बसण्याआधी तिचं आडनाव विचारलं. नलूनं ते खणखणीत सांगितलं आणि म्हणाली, “बसा. आता आ करा.”

“दुधाचाच दात हाय. पडणारच की त्यो!”

“पडणार हाय म्हणून दुखायचा ऱ्हातोय व्हय?”

आत्ती बसल्या. लेकीनं आरशातून डोकावून पाहिलं आणि ओरडली, “आजी, तुझे दात काळेकुट्ट!” सुजल्या गालानं हसली, आणि मग स्वतःच खुर्चीत चढली. नलूनं तिची दाढ वाचवली. आत्तींची मिश्री काही सुटली नाही, पण दर दिवाळीनंतर नातीबरोबर जाऊन त्या आधी खुर्चीत बसायच्या आणि नलूच्या शिव्या खायच्या.

परवा आत्ती, लेक आणि मी नलूचा दवाखाना आवरायला गेलो होतो. तिचे एक नातलग हळहळले, “एवढी हुशार पोरगी, पडणाऱ्या दातांत जन्म घालवला.” मी काही बोलणार, तोच मागून आत्तींचा आवाज आला.

“पडणार हाईत म्हणून दुखायचे ऱ्हात्यात व्हय?”

आत्ती पदर सावरत खुर्चीत चढल्या, आता कॉलेजात असलेल्या नातीच्या हातात आरसा दिला आणि आ केला. ती नुसतीच रडत उभी...

“बघ की,” आत्ती म्हणाल्या. “आणि घाल शिव्या. तुझी नलूमावशी घालायची तशा.”