चोर आधीच ठरला होता

सौदीतल्या तबूकच्या साइटवर मी फळ्या उचलायला आलो आणि भांडून, घासाघीस करून सहा वर्षांत शटरिंगचा फोरमन झालो. मालक तुर्क. आमचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात, रजेच्या कागदावर सही तुर्की सुपरवायझरची.

फरशी बसवणारा कारागीरही तुर्कस्तानातलाच, पण कुर्द. चहाच्या सुट्टीत सुपरवायझर त्याच्या मागे वाकून मला म्हणायचा, "उस्ता, बघ रे, शेपूट पँटीत मावतं का याचं?" उस्ता म्हणजे त्यांच्या भाषेत मिस्त्री, म्हणजे मी. कुर्द म्हणजे डोंगरातला, अडाणी, चोर, शेपूटवाला, हे म्हणे तुर्क लहानपणापासून ऐकतात. सगळे हसायचे. कुर्दही हसायचा. मीही हसलो आहे.

एकदा स्टोअरमधले तांब्याचे पाइप दिसेनात. ते मीच दिले होते. शेजारच्या साइटच्या मल्याळी फोरमनला पाइप हवे होते, मला प्लायवूड. फोरमन लोकांत अशी अदलाबदल चालायची. आठवड्यात परत, कागद नाही. सुपरवायझरने कुणाला विचारलंसुद्धा नाही. सरळ कुर्दाची पेटी उलटी केली. चहाची पुडी निघाली आणि मुलीचा फोटो.

"विकले याने. शुक्रवारी घरी पाठवतो."

कुर्द मला म्हणाला, "भाई, तू तरी सांग. माझ्याकडे स्टोअरची चावी आहे का?"

चावी माझ्याकडे होती. माझ्या रजेचा कागदही सुपरवायझरच्या टेबलावर होता. बोललो तर रजा गेली, कदाचित नोकरीही. दोन दिवस मी गप्प राहिलो. गुरुवारी सकाळी ऑफिसात शिरलो.

"पाइप मी दिलेत. प्लायवूडच्या बदल्यात."

तो हसला. "तुम्ही हिंदी लोक फार मऊ. पाय धरले का त्याने तुझे?"

"अरे, मी दिले म्हणतोय ना!" मी टेबलावर हात आपटला. तसाच शेजारच्या साइटवर जाऊन पिकअपमधून पाइप आणले आणि त्याच्या दारात टाकले.

"बघ," तो म्हणाला, "कुर्द घाबरला आणि तुझ्या हातून परत केले." मग माझ्या रजेवर सही केली. "घरी जाऊन ये, उस्ता. डोकं तापलंय तुझं."

आयुष्यात कसलाही माल खपवला मी. स्वतःचा खरा गुन्हा मात्र त्याच्या गळी उतरवता आला नाही.

शुक्रवारी कुर्द गाडीत बसला. मी काचेवर थाप मारली, "मी सांगितलं रे त्याला!" त्याने काच खाली केली.

"कधी?"

"काल."

त्याने मान हलवली आणि काच वर घेतली.